समुद्र नसलेल्या गावचा दीपस्तंभ

उन्हाळ्याची सुटी लागली की महाराष्ट्रातील असंख्य गाड्यांची तोंडे कोकणाकडे वळतात. आंबा, मासे आणि समुद्र या त्रयीत अलीकडे दीपगृहाचीही भर पडली आहे. खांदेरी बेटावरील १८६७चे दीपगृह, मुंबईच्या दक्षिण टोकाला भर समुद्रात उभे असलेले १८७५चे प्रॉंग्ज, देवगडच्या किल्ल्यावरील १९१५चे दीपगृह, ही नावे प्रवासाच्या बेतात आता आवर्जून येतात. विदर्भातील पर्यटकाला मात्र समुद्र दूर पडतो. नागपूरहून निघणाऱ्याला दीपस्तंभ पाहायचा असेल, तर त्याने समुद्राकडे पाठ करून उत्तरेचा रस्ता धरावा, असे कोणी सुचविले तर ती थट्टा वाटेल. पण असा एक दीपस्तंभ आहे. तो गंगेच्या काठी, वाराणसीच्या पंचगंगा घाटावर उभा आहे आणि तो उभारणारी राणी मराठी होती.

त्या रस्त्याचीही एक गंमत आहे. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ वाराणसीला सुरू होऊन रीवा, जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बेंगळुरू असा थेट कन्याकुमारीच्या समुद्रापर्यंत जात असे. २,३६९ किलोमीटर लांबीचा हा देशातील सर्वांत लांब महामार्ग होता. २०१०मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, सातचे तुकडे पडले आणि नागपूरच्या दक्षिणेचा भाग ४४ क्रमांकात सामावला. तरीही जुने चालक अजून ‘सात नंबर’च म्हणतात. या रस्त्याच्या एका टोकाला तीन सागरांचे पाणी, तर दुसऱ्या टोकाला गंगा. आणि नागपूर गंगेच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर.

नागपूर ते वाराणसी हे अंतर साधारण साडेसातशे किलोमीटरचे. मे महिन्यात हा प्रवास एका दमात करण्याचा हट्ट धरू नये. पहाटे निघावे, देवलापार सोडल्यावर पेंचच्या जंगलातून जाणारा रस्ता उजाडता उजाडता पार करावा. येथे वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून महामार्ग खांबांवर उचललेला आहे. पुढे शिवनी, लखनादौन आणि दुपारच्या आत जबलपूर. तिलवारा घाटाजवळ नर्मदा ओलांडताना गाडी क्षणभर थांबवावी, कारण पुढच्या कथेचा धागा याच नदीच्या काठी, बरेच खाली पश्चिमेला, महेश्वरात आहे. दुसऱ्या दिवशी सिहोऱ्याच्या आसपास कर्कवृत्त ओलांडले जाते. मग कटनी, मैहर, रीवा असे करीत हनुमनाचा घाट उतरला की मिर्झापूरचे सपाट मैदान आणि गंगेवरचा पूल. मिर्झापूर जिल्ह्यातच चुनार आहे. काशीच्या घाटांची असंख्य पायऱ्यांची रास ज्या वालुकाश्माची आहे, तो चुनारच्या खाणींचा. अशोकाच्या स्तंभांनाही हाच दगड लागला होता.

वाराणसीत पोहोचल्यावर गाडीचा उपयोग संपतो. मैदागिनच्या आसपास गाडी ठेवून गल्ल्यांतून पायी घाटाकडे उतरता येते. पण पंचगंगेला प्रथम जावे ते पाण्यावरून, दशाश्वमेध घाटावरून नावेत बसून, ऊन कलल्यावर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला असतो, लू वाहत असते. सायंकाळी पाचनंतर मात्र नदीवरून येणारी झुळूक सुखद वाटू लागते. नावा आता बहुतेक सीएनजीवर चालतात. नाव प्रवाहाबरोबर जाते आणि गंगा येथे उत्तरवाहिनी असल्याने उत्तरेकडे सरकते.

डावीकडे घाट येत राहतात आणि मराठी कानांना एकामागून एक ओळखीची नावे ऐकू येतात. मणिकर्णिका मागे पडते. शिंद्यांचा सिंधिया घाट, ज्याच्या पायथ्याशी रत्नेश्वराचे देऊळ पाण्यात कलून उभे आहे. नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट. अमृतराव पेशव्यांशी निगडित गणेश घाट. मग राम घाट, जटार घाट, ग्वाल्हेर घाट. बालाजी घाटावरील देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करीत, हे नावाडी न विचारता सांगतात. आणि मग पंचगंगा. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्या येथे मिळतात, अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगाच.

या घाटाच्या चढत्या पायऱ्यांवर लाल दगडाचा तो स्तंभ आहे. लोक त्याला ‘हजारा’ म्हणतात. एक हजार दिवे धारण करणारा, म्हणून हजारा. बुंध्याशी रुंद, वर निमुळता आणि सर्वांगाला पणत्या ठेवण्याच्या दगडी बैठका. देवळापुढे दीपमाळ पाहण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला तो परका वाटत नाही. जेजुरीच्या दीपमाळा किंवा गोव्यातील मंगेशीचा मजल्यामजल्यांचा दीपस्तंभ आठवावा. हजारा त्याच कुळातला आहे, फक्त देवळाचे प्रांगण सोडून तो नदीपाशी येऊन उभा राहिला आहे. १७८०च्या सुमारास पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी तो उभारला असे मानले जाते. त्याच सुमारास विश्वनाथाचे आजचे मंदिरही त्यांनी बांधविले.

उन्हाळ्यात जाणाऱ्या प्रवाशाची येथे थोडी निराशा होते, हे आधीच सांगितलेले बरे. हजारा मे महिन्यात पेटलेला नसतो. वर्षातील बहुतेक दिवस तो नुसता दगड असतो. पोरे पायथ्याशी खेळतात, पंडे सावलीला टेकतात, आणि दशाश्वमेधाच्या आरतीला जमणारी गर्दी इकडे फिरकतही नाही. पण याच दिवसांत तो नीट पाहता येतो. ज्या कार्तिकी रात्री तो पेटतो, त्या रात्री घाटावर पाय ठेवायला जागा नसते, आणि डोळ्यांना ज्योती दिसतात, स्तंभ दिसत नाही.

काशीचा कार्तिक मराठी कार्तिकाच्या आधी सुरू होतो, हेही येथे लक्षात घ्यावे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे कोजागिरी उलटली की तेथे कार्तिक लागतो, तर आपल्याकडे तो दिवाळीच्या पाडव्याला. दोन्ही पंचांगांची गाठ पडते ती कार्तिकी पौर्णिमेला, आपल्या त्रिपुरीला. त्या महिनाभर पंचगंगा घाटावर उंच बांबू रोवले जातात आणि सायंकाळी वेताच्या टोपल्यांत दिवा ठेवून त्या दोरीने वर चढविल्या जातात. हे आकाशदीप. पितरांना परतीच्या वाटेवर उजेड मिळावा, ही त्यामागची भावना. १९९९च्या कारगिल युद्धानंतर दशाश्वमेधावर हुतात्मा जवानांसाठीही आकाशदीप लावले जाऊ लागले. पौर्णिमेला हजारा पेटतो आणि देवदीपावली सुरू होते. हा उत्सव आज सर्व चौऱ्याऐंशी घाटांवर पसरला असला, तरी त्याचे आधुनिक पुनरुज्जीवन १९८०च्या दशकात याच घाटावरून झाले. आणखी एक योगायोग मराठी वाचकाला ठाऊक असावा. संत एकनाथांनी आपली भागवतावरील टीका काशीत पूर्ण केली ती शके १४९५ म्हणजे १५७३मध्ये, कार्तिकी पौर्णिमेलाच. हजारा तेव्हा नव्हता. तो यायला आणखी दोन शतके होती.

समुद्रावरचे दीपगृह जिवंतांसाठी असते आणि पंचगंगेचा दिवा गेलेल्यांसाठी. या दोन दिव्यांना एकत्र आणणारी कथा काशीतच लिहिली गेली. जयशंकर प्रसाद हे काशीचे रहिवासी. ‘आकाशदीप’ हा त्यांचा कथासंग्रह १९२९चा. त्यातील चंपा ही गंगाकाठच्या चंपानगरीची मुलगी. तिची आई समुद्रावर गेलेल्या पतीसाठी काठावर बांबूला दिवा टांगीत असे. आणि चंपा स्वतः दूरच्या बेटावरील दीपस्तंभ आयुष्यभर पेटता ठेवते. ज्याने समुद्र रोज पाहिलेला नाही अशा लेखकाला समुद्रदीपाची कल्पना सुचावी, याचे आश्चर्य पंचगंगा घाटावर उभे राहिल्यावर उरत नाही.

अहिल्याबाईंच्या मनात हा स्तंभ उभारताना काय होते, याचा लेखी पुरावा शोधण्याचे कारण नाही. त्यांच्या घरातील मृत्यूंच्या तारखा पुरेशा बोलक्या आहेत. १७५४मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६मध्ये सासरे मल्हारराव. पुढच्याच वर्षी एकुलता पुत्र मालेराव. स्तंभ उभा राहिल्यानंतरही दैवाने सूट दिली नाही: १७९०मध्ये नातू नथ्याबा, १७९१मध्ये जावई यशवंतराव फणसे, आणि त्यांच्यामागे कन्या मुक्ताबाई सती गेली. अहिल्याबाईंनी तिला परोपरीने विनविले होते. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला तेव्हा जवळचे असे फार थोडे उरले होते. आकाशदीपाच्या घाटावर हजार दिव्यांची सोय करणारी बाई ही होती.

दुःख होते म्हणून त्यांनी राज्याचा खजिना देवाच्या नावाने रिता केला, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. हिशेबाच्या दृष्टीने येथे फार मोलाची गोष्ट आहे. होळकरांकडे ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशी दोन वेगळी खाती होती. दौलत म्हणजे राज्याचा महसूल. त्यातून फौज, कारभार, पेशव्यांचे देणे. खासगी म्हणजे राणीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे खाते. १७३४मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे ही जहागीर मिळाली आणि पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंतची देवळे, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे, विहिरी यांचा खर्च त्यांनी या खासगीतून केला. दोन खात्यांची सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही. आज लेखापरीक्षक ज्या गोष्टीचा आग्रह धरतात, ती अडीचशे वर्षांपूर्वी महेश्वरच्या दप्तरात पाळली जात होती.

दगडाचा खर्च एकदाच होतो, तेलाचा मात्र दरवर्षी. एका पणतीला दहा मिलिलिटर तेल धरले, तर हजाराच्या एका रात्रीला दहा लिटर तेल लागते. वाती, पणत्या, चढून दिवे लावणारे हात वेगळेच. स्तंभ बांधणाऱ्याचे नाव शिलालेखात राहते. तेल घालणाऱ्याचे कोठेच राहत नाही. म्हणून जुने दाते दानाबरोबर उत्पन्नाची तजवीजही करीत. याचा सर्वांत जुना आणि स्पष्ट मराठी मुलखातला दाखला नाशिकच्या लेण्यांत आहे. दुसऱ्या शतकातील उषवदात याने ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले: एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याजातून भिक्षूंना वस्त्रे आणि किरकोळ खर्च भागवायचा. देवापुढील नंदादीपासाठी कायम ठेव ठेवण्याची आपली प्रथा याच वळणाची. नाशिकचा हा लेख ब्राह्मी लिपीत आहे, आणि ब्राह्मी वाचण्याची किल्ली १८३७मध्ये ज्याला गवसली तो जेम्स प्रिन्सेप त्याआधी दहा वर्षे, १८२० ते १८३०, बनारसच्याच टाकसाळीत नाण्यांचा कस पाहणारा अधिकारी होता!

प्रिन्सेपचा या घाटाशीही संबंध आला. पंचगंगेच्या माथ्यावर पूर्वी बिंदुमाधवाचे भव्य मंदिर होते. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने १६६५मध्ये ते पाहून त्याचे वर्णन लिहिले. पुढे औरंगजेबाच्या काळात तेथे आलमगीर मशीद उभी राहिली. बिंदुमाधवाचे सध्याचे लहान मंदिर शेजारीच आहे आणि ते औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने झाले, अशी मान्यता आहे. मशिदीचे दोन उंच मनोरे ‘माधवराव का धरहरा’ या नावाने प्रसिद्ध होते. सपाट प्रदेशातून नावेने येणाऱ्याला काशीची पहिली खूण दिसे ती या मनोऱ्यांची. अर्थात दिवसाचे दीपस्तंभ म्हणजे तेच. ते कलू लागले तेव्हा प्रिन्सेपने त्यांची डागडुजी केली. १९४८मध्ये त्यांतील एक कोसळला आणि दुसराही नंतर सुरक्षिततेसाठी उतरविण्यात आला. प्रिन्सेपच्या चित्रांत ते आहेत, आजच्या छायाचित्रांत नाहीत.

दिव्याचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न समुद्रावरही आहे आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो चांगलाच परिचित आहे. दीपगृहाचा उजेड पाहिल्याबद्दल जाणाऱ्या जहाजाकडून पैसे वसूल करता येत नाहीत, म्हणून ते काम सरकारनेच केले पाहिजे, असे जॉन स्टुअर्ट मिल यांच्यापासून सॅम्युएलसन यांच्यापर्यंत अनेकांनी मांडले. १९७४मध्ये रोनाल्ड कोस यांनी दाखवून दिले की, इंग्लंडमध्ये खासगी व्यक्तींनी दीपगृहे बांधली होती आणि त्यांचे शुल्क जहाज बंदरात आल्यावर गोळा केले जात असे. भारतातही १९२७च्या कायद्यानुसार जहाजांच्या टनभारावर दीपशुल्क आकारले जाऊ लागले. २०२१च्या नव्या कायद्यात नाव बदलले, आकारणी राहिली. थोडक्यात, समुद्रदीपाचे तेल जहाज भरते. हजाराचे तेल कोणाच्या नावे टाकणार? ज्यांच्यासाठी दिवा लावायचा ते कोणत्याच बंदरात येत नाहीत.

याचे उत्तर अहिल्याबाईंनी खासगीच्या उत्पन्नातून दिले होते. संस्थान विलीन झाल्यावर खासगीच्या धर्मादाय मालमत्तांसाठी १९६२मध्ये विश्वस्त संस्था स्थापन झाली. त्या मालमत्तांच्या व्यवहारांवरून वाद न्यायालयात गेले आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संस्थेला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. अडीच शतके जुन्या दानाचा हिशेब अजून मागितला जातो, ही गोष्ट दुःखाची मानावी की समाधानाची, हे ज्याचे त्याने ठरवावे. हिशेब मागणारे आहेत तोवर दान जिवंत आहे, असे मानण्याकडे बँकेतील माणसाचा कल असणार! हजारा आज पेटतो तो मात्र प्रामुख्याने घाटावरच्या लोकांच्या आणि उत्सव समित्यांच्या वर्गणीतून, भाविकांनी आणलेल्या तेलातून.

त्याआधी दरवर्षी एक मोठी परीक्षा असते. श्रावण-भाद्रपदात गंगा चढते. वाराणसीची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, १९७८मध्ये पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत गेले, तो उच्चांक अद्याप मोडलेला नाही. पूर आला की घाट एकमेकांपासून तुटतात, आरती गच्चीवर जाते, अंत्यसंस्कारांची जागा वर सरकते. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळाचे थर राहतात. ते पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुऊन काढण्याचे काम आश्विनात चालते, कारण कार्तिक तोंडावर आलेला असतो. ज्या स्तंभावर दिवे लागायचे, त्याच्या पायाशी आधी फावडे चालते.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. घाट सकाळी सहा ते आठ आणि सायंकाळी पाचनंतरच पाहावेत. पंचगंगेच्या पायऱ्या उभ्या आणि झिजलेल्या आहेत. ज्येष्ठांना वरून गल्लीने न आणता नावेने आणणे सोयीचे. नावेचे भाडे बसण्याआधी ठरवावे. वर गेल्यावर ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाटाच्या बाजूला अवश्य वळावे. पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे या भागात आहेत, त्यांच्या बोलण्यात भोजपुरी हेल असतो आणि स्वयंपाकघरात गोडा मसाला. रजा प्रवास सवलतीचे वर्ष असेल आणि रजा मंजूर होण्याची शक्यता असेल, तर मात्र मे सोडून कोजागिरीनंतरचा आठवडा गाठावा. तेव्हा बांबू रोवलेले असतात.

परतीच्या नावेत बसेपर्यंत अंधार पडलेला असतो. दूर दशाश्वमेधावरील आरतीचा उजेड पाण्यावर हलताना दिसतो. पलीकडच्या तीरावर उन्हाळ्यात उघडी पडलेली वाळू फिकट चमकते. हजारा आता ओळखू येत नाही. पायऱ्यांच्या काळोखात एक जास्त काळी रेघ, एवढेच. नावाडी त्या दिशेला हात करून सांगतो, ‘वहाँ’, आणि नाव दक्षिणेकडे वळवितो.